मतदान केलेल्याला निम्म्या दरात मिसळ: यात गुन्हा कुठे होतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी आधी तो थोडक्यात मांडतो. नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, तुमचं मिसळीचं हॉटेल आहे. नगरपरिषदेच्या मतदानादिवशी बोटावरची शाई दाखवेल त्याला नव्वदची मिसळ पंचेचाळीसला द्यायची, असं तुम्ही ठरवलं. न्यू जर्सीतल्या मेव्हण्यांनी फोनवर सांगितलं की तिकडे असं केलं तर थेट तुरुंग. त्यातच प्रभागातले एक इच्छुक येऊन म्हणाले, "उरलेले पंचेचाळीस मी देतो, संध्याकाळी हिशेब करू." शिवाय तुमच्या मंडळाची पोरं नवे मतदार नोंदवायला घरोघर फिरणार आहेत. त्यांना फॉर्ममागे वीस रुपये द्यायचे आणि नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक तरुणाला एक छत्री. तुम्ही विचारता, यातलं काय चालतं आणि काय नाही?

तुम्हाला काळजी सवलतीची वाटते आहे. बावीस वर्षं जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका आणि अपात्रतेची प्रकरणं चालवल्यावर मला मात्र काळजी त्या इच्छुकाच्या एका वाक्याची वाटते. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझं अर्धं उत्तर त्याच्याबद्दलच असेल. पण तिथे पोचायला कायद्याचे शब्द आधी पाहावे लागतील.

निवडणुकीतल्या लाचेचं कलम म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १७०. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हाच मजकूर भारतीय दंड संहितेत १७१-ब या क्रमांकाने होता, आणि तिथे तो १९२० साली घातला गेला. कलम म्हणतं: एखाद्याने आपला निवडणूकविषयक हक्क बजावावा म्हणून, किंवा तो बजावल्याचं बक्षीस म्हणून, जो मोबदला देतो तो लाच देतो. आणि जो तो घेतो तोही लाचेचाच गुन्हा करतो. निवडणूकविषयक हक्क म्हणजे काय, ते शेजारच्या १६९ मध्ये आहे: उमेदवार म्हणून उभं राहणं, उभं न राहणं, माघार घेणं, मत देणं, मत न देणं. निवडणूक म्हणजे फक्त लोकसभा-विधानसभा नव्हे. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने होणारी नगरपरिषदेची आणि ग्रामपंचायतीचीही निवडणूक त्यात येते. म्हणजे हे कलम तुमच्या गावालाही लागू आहे.

आता या शब्दांकडे नीट बघा. "अमक्यालाच मत द्या" असं कलमात कुठेही नाही. मत देण्याचा हक्क बजावावा म्हणून दिलेला मोबदला, एवढंच आहे. काटेकोर अक्षरश: वाचलं तर शाई दाखवून मिळणारी मिसळीची सवलत हे "हक्क बजावल्याचं बक्षीस" ठरतं. मतदाराने कोणाला मत दिलं याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नसलं तरीही. ही गोष्ट वकिलांच्याही लक्षात येत नाही, म्हणून मी ती आधीच सांगतो. तुमच्या मेव्हण्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मग निवडणुकीच्या दिवशी पुण्या-मुंबईत हॉटेलं, चित्रपटगृहं, दवाखाने अशा सवलती जाहीर करतात ते कसं? कारण गेली कित्येक वर्षं मतदानाचा टक्का वाढवण्यासाठी प्रशासनच त्यांना हात देतं. इंदूरच्या 'छप्पन दुकान' या खाऊगल्लीत सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलेबी फुकट देण्याची पद्धत पडली. भोपाळमध्ये २०२४ च्या लोकसभेला जिल्हा प्रशासनानेच मतदान केंद्रांवर सोडत ठेवली आणि तिच्यात हिऱ्याच्या अंगठ्याही होत्या. बंगळुरूत त्याच वर्षी हॉटेलचालकांची संघटना कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. मत देऊन येणाऱ्यांना मोफत किंवा सवलतीत खाणं देण्याची मुभा न्यायालयाने दिली. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण अधिकाऱ्यापुढे ठेवायला उपयोगी आहे. त्यामागचा विचारही समजण्यासारखा आहे. मत आधीच पेटीत पडलेलं आहे, हॉटेलवाल्याचा कोणाशी संबंध नाही, आणि शाई फक्त एवढंच सांगते की हा माणूस केंद्रावर जाऊन आला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कलमाचे शब्द आणि प्रशासनाची पद्धत यांच्यात फट आहे, आणि ती कायदेमंडळाने बुजवायला हवी. तोवर पंचेचाळीस रुपयांच्या सवलतीसाठी, कोणत्याही उमेदवाराचा संबंध नसताना, एखाद्या हॉटेलवाल्यावर खटला चालेल असं मला वाटत नाही. माझ्या वकिलीत मी तसा एकही पाहिला नाही. पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा सख्खा भाऊ त्याच प्रभागातून उभा असेल, तुम्ही एखाद्या पक्षाचे शहराध्यक्ष असाल, किंवा सवलत एकाच गल्लीतल्या लोकांना असेल, तर हेच उत्तर उलटं होईल. प्रश्नात तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून तसं काही नाही असं धरतो.

मेव्हण्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात एक तरतूद आहे. मत देण्यासाठी किंवा मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी पैसे देणं, देऊ करणं किंवा घेणं हा तिथे गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणाला मत द्यायचं हे सांगितलं होतं का, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मतदान केंद्रावर नुसतं जाण्याची किंमत लावली तरी गुन्हा पुरा होतो. आणि पैसे म्हणजे नोटाच नव्हेत. किंमत असलेली कोणतीही वस्तू, दारूची बाटली, सोडतीचं तिकीटसुद्धा त्यात धरतात. २००८ मध्ये स्टारबक्सने मतदारांना फुकट कॉफी जाहीर केली. मग हा कायदा कोणीतरी दाखवून दिला आणि कंपनीने त्या दिवशी मागेल त्या प्रत्येकाला कॉफी दिली, मत दिलेलं असो वा नसो. २०२४ मध्ये ईलॉन मस्क यांच्या गटाने एका अर्जावर सही करणाऱ्या नोंदणीकृत मतदारांमधून रोज एकाला दहा लाख डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा न्याय विभागाने हाच कायदा दाखवून पत्र पाठवलं. फिलाडेल्फियात त्या योजनेविरुद्ध दावा झाला तो राज्याच्या कायद्याखाली, बेकायदा सोडत म्हणून. तो न्यायाधीशांनी फेटाळला आणि योजना मतदानापर्यंत चालली. १९६५ चा तो कायदा राष्ट्राध्यक्ष आणि संसदेच्या निवडणुकांपुरता आहे. न्यू जर्सीसारख्या राज्यात गव्हर्नरची निवडणूक विषम सालात येते, तेव्हा राज्याचा स्वतःचा कायदा पाहावा लागतो. मेव्हण्यांचं तिकडे दुकान असेल तर त्यांनी तिथल्याच वकिलाला विचारावं.

एवढी कडक भूमिका का, हे समजून घेण्यासारखं आहे. मतदान गुप्त असतं, त्यामुळे पैसे देणाऱ्याला मत विकत मिळालं की नाही हे कळत नाही. पण कुठल्या वस्तीत कोणाची मतं आहेत, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असतं. मग मत विकत घ्यायची गरजच राहत नाही. आपल्या वस्तीतली माणसं केंद्रावर आली की झालं, आणि दुसऱ्याच्या वस्तीतली घरी राहिली की झालं. म्हणजे "कोणालाही द्या, पण मत द्या" हे वरवर निरपेक्ष दिसणारं वाक्य चार गल्ल्यांपुरतंच बोललं, की ते निरपेक्ष राहत नाही. आपल्याकडे याची उलटी बाजू जास्त दिसते. मतदानाच्या आदल्या रात्री पैसे देऊन मतदार ओळखपत्रं गोळा करणं, उद्या बाहेर पडू नका म्हणून सांगणं. कलमात "मत न देणं" हे शब्द आहेत ते यासाठीच.

आता त्या इच्छुकाकडे येतो. त्याने निम्मे पैसे द्यायचं कबूल केलं त्या क्षणापासून तुमची सवलत ही तुमची राहत नाही. ती त्याने मतदारांना घातलेली न्याहारी होते आणि तुम्ही तिचे वाढपी होता. कलम १७३ मध्ये लाचेची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी आहे. लाच खाण्यापिण्याच्या किंवा करमणुकीच्या रूपात असेल तर फक्त दंड. हा "फक्त दंड" वाचून लोक निश्चिंत होतात. माझ्याकडे आलेला एक माणूस असाच निश्चिंत झाला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हमरस्त्यावर धाबा चालवणारा तिशीतला मुलगा. निवडणुकीच्या आठवड्यात कोणीतरी त्याच्याकडे शिक्का मारलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे देऊन गेलं: चिठ्ठी आणेल त्याला थाळी द्यायची, चिठ्ठी ठेवून घ्यायची, शेवटी मोजून पैसे. याला वाटलं, आपण धंदा करतोय. भरारी पथक आलं तेव्हा गल्ल्यात दोनशेच्या वर चिठ्ठ्या सापडल्या. उमेदवार म्हणाला, मी या धाब्यावर कधी गेलोसुद्धा नाही. चिठ्ठ्यांवर त्याचं नाव नव्हतं, फक्त एक खूण होती. ती ओळखणारे साक्षीदार पुढे आले नाहीत. आरोपी म्हणून कागदावर उरला तो धाबेवाला आणि त्याचे दोन वेटर.

कोर्टाच्या आवारात त्याला भेटलेल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. तो माझ्याकडे आला तोही फक्त कबुलीजबाबाचा अर्ज लिहून घ्यायला. मी लिहिला नाही. कारण दंडाची रक्कम कितीही लहान असली तरी ती शिक्षाच असते, आणि या कलमाखालच्या शिक्षेला दोन शेपट्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ८ प्रमाणे, नुसता दंड झाला तरी शिक्षेच्या तारखेपासून सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. विधानसभेला जो अपात्र तो नगरपालिकेलाही अपात्र, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-फ चं सांगणं. आणि त्याच १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ११-अ प्रमाणे सहा वर्षं मतही देता येत नाही. या दोन्ही ठिकाणी दंड संहितेचे जुने क्रमांक असले, तरी जुन्या कायद्याच्या जागी नवा आला की उल्लेख नव्याचा धरायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे दोनशे थाळ्यांच्या धंद्यापायी त्या मुलाचं मत सहा वर्षं जाणार होतं. हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझ्या आईला हे कसं सांगू? ती दरवेळी मला बरोबर घेऊन जाते मत द्यायला."

त्याची सुटका झाली ती वेगळ्याच कारणाने. हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५५ मध्ये होतं. त्याच्या प्रकरणात परवानगी घेतलेलीच नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली. तोवर चार वर्षं गेली होती आणि धाबा त्याने भाड्याने देऊन टाकला होता. चिठ्ठ्या छापणारा कोण, हे कोणाही न्यायालयासमोर आलं नाही. मी हे सांगतो कारण तुमच्या इच्छुकाचा "संध्याकाळी हिशेब करू" आणि त्या चिठ्ठ्या यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. फसलं तर तो तुम्हाला ओळखणार नाही.

उमेदवाराच्या बाजूने बोलायचं तर लोकसभा-विधानसभेत त्याचं नुकसान याहून मोठं आहे. त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३ मध्ये लाच हे पहिलं भ्रष्ट आचरण आहे. ते सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होते. त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का लागतो. तिथे प्रश्न असा असतो की हे उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने, किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी केलं का. नगरपरिषदेला तो कायदा नाही, नगरपरिषदांचा स्वतःचा कायदा लागतो. तिथली याचिका जिल्हा न्यायालयात जाते आणि मुदत फारच थोड्या दिवसांची असते. ज्यांना तक्रार करायची त्यांनी निकालाच्या दुसऱ्याच दिवशी वकील गाठावा. मुदत गेल्यावर आलेले किती तरी चांगले पुरावे मी हळहळत परत पाठवले आहेत.

"पैसे घ्या पण मत मनाला पटेल त्यालाच द्या" हा सल्ला आपल्याकडे सभांमधूनही ऐकू येतो, आणि देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे. जे करण्याचा इरादाच नाही त्यासाठी मोबदला घेतला तरी तो लाच घेतल्यासारखाच धरतात. घेतला तिथेच गुन्हा पुरा, मत कुठे पडलं हे कोणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२४ च्या निकालात, सीता सोरेन प्रकरणात, सात न्यायाधीशांच्या पीठाने आमदारांबद्दल हीच गोष्ट सांगितली. झारखंडच्या त्या आमदारांवर राज्यसभेच्या मतासाठी पैसे घेतल्याचा आरोप होता, आणि मत त्यांनी पैसे देणाऱ्याला दिलंच नव्हतं. न्यायालय म्हणालं, लाच स्वीकारली तेव्हाच गुन्हा होतो. ते प्रकरण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचं होतं, पण तत्त्व आपल्या पाकिटालाही लागतं. तुमच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोरांना हे जरूर सांगा, कारण आदल्या रात्री पाकिटं वाटायला अशीच ओळखीची, विश्वासातली पोरं शोधतात.

पैसा मतदाराच्या हातात पडला नाही म्हणजे लाच नाही, हाही एक समज आहे. जानेवारी २०२१ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली. तिथे सरपंचपदासाठी बोली लागल्या होत्या. पैसा कोणाच्या खिशात जाणार नव्हता, देवळाच्या कामाला जाणार होता. गावकऱ्यांना मनापासून वाटत होतं की आपण निवडणुकीचा खर्च आणि भांडणं वाचवतोय. पण बाकीच्यांनी उभं राहायचं नाही म्हणूनच ती बोली होती, आणि उभं राहण्याचा हक्क हा निवडणूकविषयक हक्कच आहे. बिनविरोध निवडणूक वाईट नाही. लोकांनी समजुतीने एक नाव ठरवलं तर त्यात काहीच गैर नाही. त्या समजुतीवर रक्कम लिहिली की मात्र ती खरेदी होते. सोसायटीला रंग, गल्लीला पेव्हर ब्लॉक, महिला मंडळाला भांडी, यांचंही तसंच. मंत्र्याने किंवा आमदाराने नेहमीच्या कामाचा भाग म्हणून निधी दिला तर ती लाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये घासी राम विरुद्ध दल सिंग या निकालात सांगितलं. मतांचा सौदा झाल्याचं दाखवता आलं पाहिजे. रंगाच्या डब्यांबरोबर "आमच्या सोसायटीची एवढी मतं" असं पत्र गेलं असेल, तर सौदा तिथेच लिहून दिला.

मग सरकारी योजना आणि जाहीरनाम्यातली आश्वासनं लाच का नाहीत, हे मला प्रत्येक वेळी विचारलं जातं. कलम १७० मध्येच अपवाद आहे: सार्वजनिक धोरणाची घोषणा किंवा सार्वजनिक कृतीचं आश्वासन हा या कलमाखालचा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी निकालात जाहीरनाम्यातली आश्वासनं कलम १२३ चं भ्रष्ट आचरण होत नाहीत असं म्हटलं, आणि निवडणूक आयोगाला त्यासाठी मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं. हे पुरेसं आहे का यावर माझं मत आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही.

नोंदणीचा भाग उरला. इथे आपला आणि अमेरिकेचा कायदा वेगळा आहे. तिथे नाव नोंदवण्यासाठी पैसे देणं मतदानासाठी पैसे देण्याइतकंच गुन्हा आहे. आपल्या कलम १६९ मधल्या यादीत नाव नोंदवणं येत नाही. म्हणून मंडळाने नवीन मतदाराला दिलेली साधी छत्री, जिच्यावर कोणाचं नाव-चिन्ह नाही, ती माझ्या मते नुसती तेवढ्याने लाच होत नाही. छत्रीवर इच्छुकाचा फोटो आला की तो नोंदणीचा मोबदला राहत नाही, पुढच्या मताचा होतो. छत्री दिलीत तर कोरी द्या. मी तुमच्या जागी असतो तर छत्री दिलीच नसती, पोरांना चहा पाजला असता.

मला जास्त भीती फॉर्ममागच्या वीस रुपयांची आहे. पोरांना कष्टाचे पैसे देणं ही मतदाराला लाच नव्हे. पण फॉर्म मोजून पैसे मिळायला लागले की फॉर्म वाढतात आणि माणसं तेवढीच राहतात. एकदा माझ्याकडे एक वडील आले. त्यांच्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेलेली, तिथल्या यादीत नाव लागलेलं. इकडे कोणीतरी तिचा जुना फोटो लावून नवा फॉर्म क्रमांक ६ भरला होता, पत्ता एका किराणा दुकानाचा, आणि त्याच पत्त्यावर आणखी अकरा जण. चौकशीची नोटीस आली मुलीच्या नावाने. फॉर्ममध्ये प्रतिज्ञापन असतं. खोटं असेल तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि दोन ठिकाणी नाव ठेवायला तोच कायदा मनाई करतो. त्या मुलीने तर सहीच केली नव्हती. तिला हे सिद्ध करायला तीन महिने लागले, तान्हं बाळ घेऊन दोनदा यावं लागलं. भरणारा पोरगा वाईट नव्हता, त्याला संध्याकाळपर्यंत पन्नासचा आकडा गाठायचा होता.

म्हणून पोरांना दिवसाची मजुरी द्या, फॉर्ममागे पैसे देऊ नका. आणि फॉर्म गोळाच करू नका. तरुणाला त्याच्याच मोबाइलवर अर्ज भरायला मदत करा, किंवा त्याला बीएलओकडे, म्हणजे तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, घेऊन जा. एकगठ्ठा आणलेले फॉर्म अधिकारी तसेही घेत नाहीत. अठरा पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षात चार आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे पुढचा जानेवारी उजाडायची वाट बघावी लागत नाही. एक गोष्ट मात्र पोरांना आधीच सांगा. नगरपरिषदेची वेगळी यादी बनत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत वाटतो. ती तारीख उलटून गेली असेल तर आज नोंदवलेला तरुण या वेळी मत देऊ शकणार नाही, पुढच्या वेळी देईल. त्याला तसं सांगून नोंदवा. नाहीतर तो केंद्रावरून नाव नाही म्हणून परत येईल आणि पुन्हा कधी जाणार नाही.

दोन लहान गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण हॉटेलवाल्याला लागतील. म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर सोडायला रिक्षा लावायची असेल तर तुमच्या पदरच्या पैशाने आणि सगळ्यांसाठी लावा. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात उमेदवाराने मतदारांची फुकट ने-आण करणं हे भ्रष्ट आचरण आहे. अमेरिकेत मतदाराला गाडीने सोडणं चालतं आणि कॉफी चालत नाही, आपल्याकडे जवळजवळ उलटं आहे. दुसरं तुमच्या कामगारांचं. लोकसभा-विधानसभेला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे, आणि स्थानिक निवडणुकीला राज्य सरकारचा त्या वेळचा आदेश पाहायचा. ती सुट्टी किंवा वेळ शाई दाखवण्याच्या अटीवर देऊ नका. बिनशर्त द्या.

एवढं सगळं झाल्यावर तुमच्यापुढे दोन वाटा उरतात. शाईवर सवलत द्यायचीच असेल तर ती स्वतःच्या पैशाने, प्रभागाचा भेद न करता, रोख रक्कम किंवा सोडत न ठेवता द्या. आठवडाभर आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना साध्या कागदावर कळवा आणि पोच घ्या. ते नको म्हणाले तर नको. दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि ती अमेरिकेतल्या त्या कॉफीवाल्यांनी दाखवली आहे: त्या दिवशी येईल त्या प्रत्येकाला निम्म्या दरात मिसळ. शाई बघायची नाही, बोट मागायचं नाही. लोक मतदानाला बाहेर पडलेले असतातच, तुमच्याकडे येतील. फलकावर एवढंच लिहा: "मतदानाच्या दिवशी सर्वांना मिसळ पंचेचाळीस रुपये. हा खर्च हॉटेलचा आहे. कोणत्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा याच्याशी संबंध नाही." तो फलक लावला की त्या इच्छुकाला वेगळं उत्तर द्यायची गरज पडणार नाही. तरीही तो पैसे घेऊन आला, तर दुकानात चार माणसं असताना, मोठ्याने, नको म्हणा. फलकाचा फोटो आणि पोचेचा कागद मतमोजणी होऊन याचिकेची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा.